आबांसाठी एक शब्द

घोड्याच्या खालच्या पुढच्या दातांच्या माथ्यावर काळपट खळगा असतो. दात झिजत जातो तसा तो उथळ होतो आणि उतारवयात बुजून जातो. खऱ्या खळग्याभोवती पांढऱ्या कवचाचं बारीक कडं असतं. नख फिरवलं की अडकतं. या तांबड्या घोड्याच्या दातांवर खळगे होते, चांगले खोल आणि काळेभोर. कडं मात्र कुठेच नव्हतं.

बुरुलचाने पुन्हा नख फिरवलं. गुळगुळीत. दात कोरून आत तापलेली तार टेकवली होती. कुणी, ते तिला शोधावं लागणार नव्हतं. काल संध्याकाळी आबांच्या गोठ्यातून जळक्या हाडासारखा वास आला, तेव्हा तिने खिडकी लावून घेतली होती.

"बघितलंस ना झूरा?" आबा मागून म्हणाले. "आमच्या डॉक्टरणीने तोंडात हात घालून बघितलंय. खोट असती तर बोलली नसती का ती? सात वर्षांचा आहे. ऐन उमेदीतला!"

आबा म्हणजे सोल्तोबेक, तिच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. आबांनी तिला वाढवलं, राजधानीला, बिश्केकला, जनावरांच्या डॉक्टरकीला धाडलं. ती परत आली आणि रविवारच्या बाजारात त्यांच्या शेजारी उभी राहू लागली. ती खोटं कधीच बोलली नाही. फक्त गप्प राहायची, आणि तिचं गप्प राहणं आबा दाखल्यासारखं वापरायचे.

बाजारात गंडवणाऱ्या माणसांसाठी शब्दांची वानवा नव्हती. आपल्यापैकी कुणी शहरातल्या माणसाला गंडवलं, तर तो चलाख. शेजारच्या खोऱ्यातल्याला गंडवलं, तर बनेल. घरच्याच माणसाला टोपी घातली, तर बिलंदर, म्हणजे हसून सोडून द्यायचा. ठक हाही शब्द होता, पण तो डोंगरापलीकडच्यांसाठी राखून ठेवलेला. आबांना सगळे बिलंदर सोल्तो म्हणत. आबांना ते आवडायचं.

"सोल्तोआबा, तुमची जीभ या घोड्याहून जोरात पळते," झूरा म्हणाली.

"जीभ विकायला काढली असती तर तुला झेपली नसती पोरी. घोडा घे. आण हात इकडे!"

त्यांनी तिचा हात धरला आणि आकडा सांगत झटका दिला. झूराने दुसरा आकडा सांगत उलट झटका दिला. सौदा ठरेपर्यंत हात सोडायचा नसतो. बघे गोळा झाले.

"अहो, खांदा निखळेल माझा! लगाम काय दातांनी धरू?"

"धर की! तुझे दात याच्यासारखेच मजबूत आहेत."

लोक हसले. झूराही हसली. तिच्या नवऱ्याचा पाय मोडला होता, आणि या आठवड्यात मेंढ्या घेऊन तीच एकटी खिंडीपलीकडे निघणार होती. वर बर्फ धरला होता. घोड्याला तिथे मिळेल ते वाळकं, चरबरीत गवत. असल्या झिजलेल्या, म्हाताऱ्या दातांनी ते चावलं जात नाही. घोड्याची आधी हाडं वर येतात, मग एक दिवस तो चढावर खाली बसतो आणि उठत नाही.

गेल्या हिवाळ्यात कादिरचा करडा घोडा असाच बसला होता. तोही आबांकडचाच. कादिर चालत परतला, पण पायाची बोटं गेली. आता तो बाजाराच्या फाटकाशी खिमा भरलेले सामसे विकतो. "तुझे आबा म्हणजे पक्के बिलंदर, हां!" असं म्हणत त्याने हसत हसत एक गरम सामसा तिच्या हातावर ठेवला होता. आबांशी एकदा बोलायचंच, असं त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं. मग काकू आजारी पडली. मग नौरोज आला. सणासुदीला कसं बोलायचं? मग लोकरकापणी आली.

"ठरलं!" आबा ओरडले.

पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याला पुढे बोलावलं. त्याने आशीर्वाद देऊन तळवे चेहऱ्यावरून फिरवले की सौदा पक्का. मग घोडा आंधळा निघो की लंगडा, कुणी परत करायचा नाही, कुणी मागाहून तोंड उघडायचं नाही. म्हाताऱ्याने तळवे वर धरले. सगळ्यांनी धरले. सवयीने बुरुलचाचेही हात वर गेले.

झूरा मध्येच तिच्याकडे वळली. "बाई गं, तू बोलली नाहीस काही. बसू ना मी याच्यावर?"

आबा बुरुलचाकडे सरकले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, आवाज फक्त तिच्यापुरता. "आज नको. काय असेल ते घरी बोल. मी तुला खांद्यावर वागवलंय पोरी."

ते खरं होतं. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. उजव्या हाताच्या नखाखाली काळी रेघ होती. कोरलेल्या दातातली काजळी.

म्हाताऱ्याचे ओठ हलू लागले. तळवे चेहऱ्याकडे निघाले.

"थांबा," बुरुलचा म्हणाली आणि तिने हात खाली घेतले.

म्हाताऱ्याचे तळवे हवेतच राहिले. आशीर्वाद आजवर कुणी मध्ये तोडला नव्हता.

"झूराताई, यावर बसू नका. घोडा सोळाच्या पुढचा आहे. दात काल आबांनी कोरलेत."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "आपला बिलंदर सोल्तो!" हसू पसरू लागलं. आबांच्या खांद्यातला ताण सैल पडला. तेही हसायला लागले, आणि त्यांनी झूराचा हात पुन्हा घट्ट धरला.

"बिलंदर नाही," बुरुलचा म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "माझे आबा ठक आहेत."