जावयाची होडी आणि जुन्या गावची सडक

जावई घरी आला की त्याला पुरण वाढावं आणि त्याच्या चुका पदराखाली झाकाव्या, एवढं आनंदाबाईंना कळत होतं. पण या जावयाला नऊवारीचा पदरही पुरेना. आठवडाभर रजतराव तळेगावात विचारत फिरत होते, होडी धरणात कुठून उतरवू? मासे धरणाऱ्यांना विचारलं, पानठेल्यावर विचारलं, मोबाइलच्या नकाशाला विचारलं. आणि जिचं अख्खं सासर त्या पाण्याखाली गेलं, त्या सासूला काय विचारलं? "मामीजी, चहा होईल का?"

"होईन न," आनंदाबाई म्हणाल्या, आणि चहात साखर घालायची विसरल्या. मुद्दाम.

होडी शिडाची होती. पांढरीशुभ्र, दोन चाकांच्या ट्रेलरवर बांधून भोपाळहून आणलेली. रजतरावांनी तिथली नोकरी सोडली होती. आता इथंच, धरणाच्या पाण्यावर, पोरांना शीड चालवायला शिकवायचं त्यांच्या मनात होतं. पण त्यांच्या बायकोनं, मेघानं, अट घातली होती. रविवारी होडी धड उतरली आणि धड परत आली तर तळेगावात बिऱ्हाड. नाही तर होडी विकायची आणि भोपाळ गाठायचं. मेघा आनंदाबाईंची एकुलती लेक, लग्न झाल्यापासून दिवाळीपुरती दिसणारी. होडी जावयाची खरी, पण जीव टांगणीला लागला होता सासूचा.

तरी त्या बोलल्या नाहीत. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा त्यांचा बाणा. आणि जावयाला कोणी चुकला म्हणायचं नाही, ही घराची रीत.

रविवारी वरातच निघाली. पुढे बोलेरो, तिला जोडलेली होडी, मागे शेजारच्या प्रेमदासचा ट्रॅक्टर, आणि ट्रॉलीत खुर्ची टाकून, मांडीवर ओटीचं ताट घेऊन आनंदाबाई. रजतरावांनी हेरलेली जागा डांबरी रस्त्याला लागूनच होती. पाणी हटून मोकळा झालेला ऐसपैस उतार, वर कोवळं गवत. बांबू टाकून त्यांनी खोलीही पाहून ठेवली होती.

"कशी काय जागा, प्रेमदास?"

"मस्त आहे न जी, जावईबापू," प्रेमदास म्हणाला, आणि भलतीकडेच बघायला लागला.

बोलेरो मागे यायला लागली. ट्रेलरची चाकं गवतावर चढली, थोडी सरकली, आणि वरची वाळकी पापडी फुटून डावं चाक आसापर्यंत काळ्या मातीत गेलं. होडी कलंडली. पट्टे करकरले. रजतराव ओरडत खाली उतरले, तर त्यांची चप्पल चिखलातच राहिली. मेघानं नुसता भोपाळचा चेहरा केला.

आनंदाबाई ट्रॉलीतून कडाडल्या, "काऊन रे प्रेमदास! पाणी हटलं की वरून पापडी अन् खालून लोणी, हे तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं न, काकू."

"मंग तोंड शिवलं होतं का?"

"जावई हायेत न जी ते. तुमी सासू असून नाई बोलल्या, मी कोण लागून गेलो?"

आनंदाबाईंनी ताट खुर्चीवर ठेवलं, पदर खोचला आणि खाली उतरल्या.

"त्या शेताच्या धुऱ्यावरची पऱ्हाटी आण. घाल चाकाखाली. अजून घाल, कंजुशी करू नको. जावईबापू, तुमी होडीले धरून राहा, तिले पडू देऊ नका. लाव दोर ट्रॅक्टरले!"

कपाशीच्या वाळक्या काड्या चाकाखाली कडाकडा मोडल्या आणि ट्रेलर हिसका देत वर आला.

"आता माह्या मागं या," आनंदाबाई म्हणाल्या, आणि होडी-ट्रॅक्टरसकट सगळी वरात त्यांच्या मागं निघाली.

बाभळीच्या झुडपांपलीकडे एक उंचवटा सरळ पाण्यात शिरत होता. त्यावर त्यांनी टाच आपटली. "हे आमच्या जुन्या गावची सडक. नदीवर जाची. रोजगार हमीत आमी बायाईनं गिट्टी फोडून घातली. टोपलं सासूचं अन् हातोडा माहा. गाव उठलं तवा भरलेले ट्रक गेले याच्यावरून. तुमची होडी म्हंजे काय, पाहुणी!"

रजतरावांनी लोखंडी सळई मारली. ठण्ण वाजली. मग ते कमरेइतक्या पाण्यात चालत गेले, पायांनी चाचपत, आणि हसत परत आले. "पक्की आहे, मामीजी. वाराही काठाला धरून वाहतोय. याहून चांगली जागा नाही."

"मंग उभी करा तुमची डोलकाठी. शीड चढवा, इथंच ओटी भरतो."

"नाही," रजतराव म्हणाले.

आनंदाबाईंना कोणी नाही म्हटल्याला बरीच वर्षं झाली होती. "काऊन नाई?"

"वर पाहा."

वर शेतीपंपाच्या विजेची तार होती, सडकेवरून आडवी गेलेली.

"काठी धातूची आहे. तारेला टेकली तर होडीसकट सगळे जाऊ. तारेखालून निघू, पाण्याजवळ उभी करू. येताना आधी काठी आडवी, मग तार."

आनंदाबाई तारेकडे बघत राहिल्या. त्यांच्या वेळेला इथं वर नुसतं आभाळ होतं. मग त्यांनी ट्रॉलीतलं ताट उचललं आणि तारेच्या पलीकडे, पाण्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

काठी उभी राहिली. ओटी भरली, नारळ फुटला. ट्रेलर मागे मागे पाण्यात गेला आणि होडी आपोआप उचलली गेली. शिडात वारा भरला तशी ती निघाली, बुडालेल्या गावावरून, आनंदाबाईंच्या चुलीवरून, एक गिरकी घेऊन परत काठाला आली. मेघानं फोन काढला आणि भोपाळच्या घरमालकिणीला सांगितलं, खोली सोडतो आहोत.

रजतराव चिंब होऊन समोर आले, पाया पडायला वाकले. आनंदाबाईंनी त्यांना दंडाला धरून सरळ केलं.

"पाया मंग पडा, आधी ऐका. होडी तुमाले समजते, हे मी पाह्यलं. जमीन तुमाले बिलकुल समजत नाई. अन् लाजेकाजेनं मी चूप बसलो तर लेक भोपाळले गेलती माही! आता तुमची चूक पदराखाली झाकणं बंद. तोंडावर सांगीन, राग आला तर येऊ द्या. तुमी बी मले असंच नाई म्हनजा, आज म्हटलं तसं. अन् उद्या सकायी चहा मागाच्या आधी विचारजा, मामीजी, पाणी किती हटलं? साखर तवाच भेटन."