मोहरीएवढी अळंबी

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. डोळ्याच्या खोबणीत बसवायचे, काळ्या कडेचे. कारखान्यात माझी काच घासून घासून लख्ख झाली आणि मी एका घड्याळजीच्या दुकानात आले. तो मला डोळ्याला लावी तेव्हा केसाएवढी स्प्रिंग दोरखंडासारखी दिसे. लोक त्याच्या नजरेचे कौतुक करत. त्यातले थोडे मी गुपचूप माझ्याकडे वळवून घेई!

पुढे त्याचे हात थरथरू लागले. दुकान बंद झाले. तो दिवसभर खिडकीशी बसून राही आणि मी ड्रॉवरमध्ये, बिनकामाच्या किल्ल्यांच्या सोबतीला.

त्याची सून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवी. तिला वेड होते इवल्याशा रानअळंब्यांचे. गावाबाहेरच्या झाडीत, कुजक्या पानावर, तिने एकदा एक अळंबी पाहिली होती. टोपी मोहरीएवढी आणि देठाच्या बुंध्याशी निळी चकती. घरी आणेपर्यंत ती वाळून नाहीशी झाली. अळंब्यांच्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "नमुना आणा, मग बोलू." दोन वर्षे शोधूनही ती परत दिसली नाही. आणि आता बागखाते त्या झाडीतली सगळी पाने जाळणार होते.

जाळण्याच्या आदल्या दिवशी सकाळी सून म्हणाली, "बाबा, चला माझ्याबरोबर."

"मी? अगं, मला चहाचा कप धरवत नाही!"

"हात माझे आहेत. मला तुमचा डोळा हवाय."

बाबांनी उठून ड्रॉवरमधून मला शोधून काढले आणि सदऱ्याच्या टोकाने पुसले.

झाडीत दोघे गुडघ्यांवर रांगू लागली. फिरायला आलेल्या एकाने विचारले, "आजोबा, काही हरवलंय का?"

"सापडलंच नाही अजून, तर हरवेल कसं?" बाबा म्हणाले.

सून एकेक पान उचलून माझ्यासमोर धरी. ऊन चढले. तिचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात बाबा ओरडले, "थांब! हात हलवू नकोस. टोपी आहे... देठावर लव आहे... सूनबाई, निळी चकती!"

तिने मला त्यांच्या डोळ्यावरून जवळजवळ ओढलेच. टोपीखाली नाजूक पडदे चाकाच्या आऱ्यांसारखे पसरले होते. ती हसत होती आणि माझी काच ओली होत होती. ओल्या शेवाळाच्या डबीत ते पान ठेवून दोघे थेट तज्ज्ञ बाईंकडे गेली.

बाई सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिल्या. मग पुस्तके काढली, पुन्हा पाहिले. शेवटी खुर्ची मागे सारून त्या उभ्याच राहिल्या. "ही आजवर कुणीच नोंदवलेली नाही. तुमचं खरं होतं. नाव काय ठेवणार?"

"घड्याळजीची अळंबी," सून म्हणाली.

"कुत्र्याच्या छत्रीला माझ्या धंद्याचं नाव?" बाबा गुरगुरले, पण त्यांची मान ताठ झाली होती. बाईंनी लगेच बागखात्याला फोन लावला. झाडीतले एकही पान जळले नाही.

आता दर रविवारी आम्ही तिघे झाडीत असतो. मित्रांनो, माझ्यासारखे भिंग मिळाले तर मऊ कापडाने पुसा, उन्हात विसरू नका. आमच्यामुळे आग लागते. आणि रानात पाऊल टाकण्याआधी जरा खाली वाका. अनोळखी अळंबी तोंडात घालू नका. डोळ्यांनी मात्र पोटभर पाहा!