लमीनची गाठ

मोंजीच्या धाकट्या लेकीचं, सुंदुसचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. मोंजी बंदराचा राखणदार. बंदर मुठीएवढं, एका अंगाला मासेमारीच्या बोटी, दुसऱ्या अंगाला हौशी लोकांच्या पांढऱ्या नौका. बोट समुद्रावर गेली की तिच्या जागी दोन खुंट्यांना आडवा दोर बांधायचा आणि ती परत येईतो त्याला कुणी हात लावायचा नाही, ही तिथली रीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवऱ्या मुलाचा मामा स्फाक्स शहराहून स्वतःची नौका घेऊन आला. हौशी नौकांची बाजू भरलेली. मामा नौकेवरूनच ओरडला, "काय हो व्याही, बंदर तुमचं म्हणता, आणि आम्हाला टेकायला जागा नाही?"

धक्क्यावरचे कोळी हसले. मोंजीला ते लागलं. त्यानं आतल्या कोपऱ्यातला, आपल्या जुन्या कोळी मित्राचा, लमीनचा दोर सोडला आणि मामाची नौका तिथं लावून घेतली. लमीन लग्नाच्या जेवणातल्या कुसकुससाठीच मासे आणायला गेला होता. उद्याशिवाय येत नाही, असं मोंजीनं मनाला समजावलं.

दुपारी वारा उलटला. मामा घरी जेवत होता आणि लमीन बंदराच्या तोंडाशी आला. जागा अडलेली बघून तो बाहेरच्या भिंतीला लागला. लाटांनी बोट तिथंच आपटून आपटून फोडली. त्याला पाण्यातून ओढून काढलं तेही मोंजीनंच.

"माझा दोर कुठंय?" लमीननं कुडकुडत विचारलं.

"वाऱ्यानं सुटला असेल. पाहुण्याला वाटलं, जागा मोकळी आहे."

"सुटला?" लमीन हातांकडे बघत राहिला. मग हसला. "म्हातारा झालो रे भावा. गाठसुद्धा धड बसेना."

लग्नात तो आला, सुंदुसला आशीर्वाद देऊन गेला.

दुसरी बोट काही लमीनला जमली नाही. तो धक्क्यावर लोकांची जाळी सांधायचा आणि तरण्या कोळ्यांना सांगायचा, "दुहेरी गाठ मारा रे. माझ्यासारखं करू नका."

"सिदी लमीन, तुमच्या गाठीतनं तर बोकडही सुटेल!" मानाचं 'सिदी' लावूनच ते चिडवायचे. पण मारायचे दुहेरीच. मोंजी फेरी मारताना प्रत्येक खुंट्यावर ती गाठ बघायचा.

एकदा तो चहाचे दोन पेले घेऊन शेजारी बसला. "लमीन, त्या दिवशीचा तो दोर..."

"झालं! आता तूही चिडव मला," लमीन हसत म्हणाला.

मोंजीनं चहा संपवला आणि पेले उचलून फेरीला गेला.

सुंदुसला पहिला मुलगा झाला त्या वर्षीच्या रमजानात, सत्ताविसाव्या रोजाच्या सकाळी, लमीन वारला. दोर कुणी सोडला, हे मोंजीनं त्याला शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.