अणूच्या जाडीचा पडदा

बोरगावच्या बाजारात त्या दिवशी मांडवाखाली मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलामागं नागोजी महाराज बसलेले. पुढ्यात काचेची पेटी, तिच्यात ताणून बसवलेला परातीएवढा चमचमता पडदा.

"ग्राफीन हाय हे, ग्राफीन! एका अणूच्या जाडीचं! नळीतनं फुंका. रोग आसंल तर लाल दिवा, नसंल तर हिरवा. डॉक्टर-बिक्टर काय नगं!"

लोक फुंकत होते. पडदा थरथरला की हात जोडत होते.

मागं मैत्री दात आवळून उभी होती. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत तिचं हेच काम. सूक्ष्म खळग्यावर ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, ढोलकीच्या कातड्यासारखं ताणायचं आणि त्यावर वायूचे कण बसले की कंपनं किती बदलतात ते मोजायचं. त्याच ग्राफीनच्या नावानं तिची आत्या सुलाबाई फसली होती. आत्याला टीबीच्या गोळ्या लागू पडत होत्या. इथं हिरवा दिवा लागला आणि तिनं त्या बंद केल्या. आता ती बेळगावात दवाखान्यात रक्त ओकत होती.

मैत्री पुढं गेली. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, गाल फुगवले. हिरवा दिवा लागला. जयजयकार झाला.

"मी फुंकलंच न्हाय!" ती ओरडली. "पडदा हललाच न्हाय. तुमी सगळे दिव्याकडंच बघत हुता!"

"देवाची परीक्षा बघतीस व्हय गं?" कुणीतरी खेकसलं.

तिनं टेबलावरचं कापड ओढलं. महाराजांच्या पायाखाली दिव्यांची बटणं होती.

"आणि खरी ग्राफीनची ढोलकी केसाहून बारीक आसत्या, नुसत्या डोळ्यांना दिसत न्हाय. हा पुष्पगुच्छाचा चकचकीत कागद हाय. फुंकल्यावर कुठलाबी कागद थरथरतोय."

महाराज उठायला लागले, तशी लोकांनी गचांडी धरली. पुढच्या रांगेतले भावकूआप्पा मात्र छाती धरून खोकत बसून राहिले.

"पोरी, मग माझा हिरवा दिवा?"

"खोटा, आप्पा. चला, दवाखान्यात थुंकी तपासू."

त्याच आठवड्यात सुलाबाई गेली. सांत्वनाला आलेल्या बायका म्हणाल्या, नशीब. मैत्रीनं डोळे पुसले नाहीत.

"नशीब न्हवं. गोळ्या बंद केल्या म्हणून मेली. उद्या कुणी शास्त्राचं नाव घेऊन आला तरी विचारा, कसं मोजलं, कुणी तपासलं? आणि डॉक्टरानं सांगितल्याबिगर गोळी सोडू नगा."