नदीच्या निरोपाची गिरकी

मेंग गुरुजी हातचं राखून शिकवतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्या धंद्यात हे चालतंच. सुझौच्या कुठल्याही जुन्या नटाला विचारा. चेल्याला सगळं दिलं तर आपल्याला कोण पुसणार, म्हणून एखादी नजर, एखादं पाऊल तो पोटात ठेवतोच. पण माझ्याशीही? वीस वर्षं मी या माणसाला रोज सकाळी गरम नूडल्स नेऊन दिल्या!

नाटक नावाड्याच्या मुलीचं. साठ वर्षांनी पुन्हा रंगमंचावर येणार होतं, आणि ते डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच उरला होता, एक्क्याऐंशी वर्षांचे मेंग गुरुजी. सहाव्या अंकात मुलगी नदीचा निरोप घेते तेव्हा पांढऱ्या लांब बाह्या फेकत एक गिरकी घेते. तीच या नाटकाची जान. गुरुजींच्या जुन्या वहीत गाण्याचे सूर होते, पावलं नव्हती. प्रयोगाला नऊ दिवस उरले तरी मला गिरकी येईना, कारण गुरुजी रोज वेगळीच दाखवायचे. सोमवारी डावीकडून, मंगळवारी उजवीकडून.

"गुरुजी, काल तर चारच पावलं होती."

"आज पाच आहेत. तुला पावलं मोजायला ठेवलंय की नाचायला?"

मी काय ते समजले. खरी गिरकी लान-झीसाठी ठेवली असणार. लान-झी म्हणजे मी आजारी पडले तर माझं काम करणारी पोरगी, चोवीस वर्षांची, गोडबोली. ही रोज दुपारी गुरुजींच्या घरी कशाला जाते? "औषध द्यायला, ताई," म्हणे. औषध म्हणे!

एका दुपारी मी गुरुजींच्या अंगणात जाऊन दाराला कान लावला. आत पावलं वाजत होती, घसटत, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं, सापडले! आणि धाडकन दार ढकललं.

आत गुरुजी एकटेच. अंगात बायकोचा जुना झगा, त्याच्या बाह्यांना चादरीच्या पट्ट्या टाचलेल्या. घामाने नुसते निथळत होते.

"लान-झी कुठाय?"

"ती केव्हाच गेली, औषध ठेवून." गुरुजी मटकन खाली बसले. "आधी दार लाव."

मी दार लावलं.

"मला येत नाही गं ती. चौदाव्या वर्षी माझ्या गुरूंची पाहिली होती. पुढे सरकारने जुनी नाटकं बंद केली, आम्हा नटांना मजुरीला धाडलं, दहा वर्षं वीटभट्टीवर काढली, आणि गेली ती डोक्यातून. रोज शोधतोय."

"मग सांगायचं ना! तुमच्याबद्दल चारचौघांत नाही नाही ते बोलले मी."

"बोल की. म्हातारा हातचं राखतो म्हटलं, तर लोकांना वाटतं, गिरकी आहे अजून कुठेतरी. येत नाही म्हटलं की संपलंच सगळं."

मला माझीच चीड आली. तिथेच बसून मी रडले.

प्रयोगात मी ती माझ्या मनाने घेतली. सहा पावलं, शेवटचं उलटं, आणि दोन्ही बाह्या एकदम खाली. म्हातारे रसिक उभे राहिले. "अस्सल! हीच ती!" म्हणून ओरडले, आणि त्यांतल्या एकानेही ती कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्या दारात उभे, सरावाचे कापडी बूट घालून.

"मला शिकव."

"मी? तुम्हाला?"

"मरायच्या आधी एकदा तरी नीट आली पाहिजे ना. विंगेतून मला धड दिसलं नाही. शिकव, बाई."

मी दाखवू लागले. एक, दोन, तीन, चार. आणि मनात पाल चुकचुकलीच. आज हे शिकणार आणि उद्या लान-झीला देणार! पाचव्या पावलावर मी थांबले आणि बाह्या खाली सोडल्या.

गुरुजींनी तशीच केली. पुन्हा केली. मग धापा टाकत माझ्याकडे वळले.

"एखादं पाऊल राहिलं का गं?"

"नाही गुरुजी," मी म्हणाले. "एवढीच आहे."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पहिल्या पावलापासून सुरुवात केली.