हिरवेबाबांचं ताट

गणपती दूध प्यायले, त्याच सालच्या हिवाळ्यात खंडाळ्याजवळच्या एका गावात पिवळा वाटाणा हिरवा होऊ लागला. निदान मारुतीच्या पारावर तरी होऊ लागला. शिवारात मात्र पानांवर पिवळे चट्टे पसरत होते, शेंगा वेड्यावाकड्या होत होत्या आणि आत दाणा शोधावा लागत होता.

रोज सकाळी भरल्या गर्दीत, पारावर मुक्कामाला आलेले हिरवेबाबा झाकलेल्या ताटावरचं कापड दूर करत. आत वाटाण्याची पिवळीफटक, बाबांच्या सांगण्याप्रमाणे रोग लागलेली रोपं. बाबा डोळे मिटून पुटपुटत, ताट उन्हात ठेवत आणि संध्याकाळी रोपं हिरवी दिसत. "रोगट रोप उपटू नका, औषध मारू नका, देवीला एक पोतं शेंगा पाठवा," एवढंच त्यांचं मागणं. त्या शेंगा देवीला पोचत की पुण्याच्या बाजारात, हे टेम्पोवाल्यालाच ठाऊक.

सुलाबाईचं अर्धं वावर अजून निरोगी होतं आणि तिचा सगळा जीव त्यात अडकला होता. शेतीखात्याच्या माणसानं सांगितलं होतं, हा विषाणूचा रोग, मावा नावाची बारीक कीड तो रोपारोपांवर नेते. लागलेलं रोप बरं होत नाही. ते उपटा, मावा आवरा, त्याचं बी ठेवू नका. पण तिचा नवरा कोंडीबा बाबांच्या नादी लागलेला.

"उपटू नगंस. देवी कोपंल."

"आनि ऱ्हायल्यालं बी गेलं म्हंजी?"

कोंडीबा देवीसाठी शेंगांचं पोतं शिवत बसला.

एके दिवशी ताट जवळून बघताना सुलाबाई थबकली. अशी उंच, लुळी, पिवळी रोपं ती दर नवरात्रात बघत होती. अंधाऱ्या देवघरात घटाचं धान असंच उगवायचं. घरी येऊन तिनं मातीच्या परळात वाटाणा पेरला आणि वर पाटी पालथी घातली. पिवळी रोपं उगवल्यावर परळ घेऊन ती पारावर गेली. दुसऱ्या हातात डबा, त्यात वावरातलं रोगट रोप.

"म्हाराज, ताटाशेजारी ही बी ठिवा. परळावर मंतर टाकू नगा. डब्यातल्या रोपावर मातुर लय टाका."

"बाई, देवीची परीक्षा घेतेस?"

"ठिवा की म्हाराज," म्हातारा हरिबा म्हणाला. "आमी बी बघतो."

नाइलाजानं बाबा दिवसभर पुटपुटले. संध्याकाळी ताट हिरवं झालं, मंत्राविना परळही हिरवा झाला. डब्यातलं रोप होतं तसंच पिवळं.

"ह्याची श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

"रोपाची?" हरिबानं विचारलं, आणि सगळा पार हसू लागला.

सुलाबाई मात्र हसली नाही. तिला राग आला होता. "अंधारात उगवल्यालं उनात ठिवलं की हिरवं हुतंच. त्यो रोग न्हवं. आनि रोगाला मंतर लागू पडत न्हाई. ह्यो बाबा गेला तरी दुसरा यील. त्याला येवढंच म्हना, तुज्या ताटात नगं, माज्या वावरात करून दाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडीबा वावरात रोपं उपटायला आला, पण पहिल्या रोगट रोपाला त्यानं सवयीनं हात जोडले. सुलाबाई वाट बघत उभी राहिली.

"झालं आसंल तर मुळासकट उपटा," ती म्हणाली. "पलीकडं अजून अर्धं वावर चांगलं हाय."