हे तुमचं का?

मिस ओडेसा पिंकनी दुसऱ्याच्या कचऱ्याची पिशवी उघडतात, ती लेकीने पाठवलेला डबा उघडावा तशी. घाई नाही, नाक मुरडणं नाही. गाठ नखाने सोडवतात, पिशवी फाडत नाहीत. आधी वरचं बाजूला काढायचं, मग मधलं, आणि तळाशी कुठेतरी एखादं पाकीट सापडतंच. जुना कमोड टाकताना माणूस चार वेळा इकडेतिकडे बघेल, पण लाइट बिलाचं पाकीट बेधडक टाकून देतो. त्यावर नाव असतं, पत्ता असतो. मिस ओडेसांना तेवढं पुरतं.

त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. डावा खुबा कामातून गेलेला. आमच्या गल्लीच्या त्या कॅप्टन, चाळीस वर्षांपासून. नॉर्थ फिलाडेल्फियात, आमच्या या काळ्या लोकांच्या वस्तीत, गल्लोगल्ली असे कॅप्टन असतात. पालिका त्यांना झाडू देते, पिशव्या देते आणि वर्षातून एकदा हातात प्रशस्तिपत्र ठेवून फोटो काढते. बाकीचे कॅप्टन शनिवारी झाडू वाटतात. आमच्या कॅप्टन कचरा घरपोच करतात.

आणि त्यांचा ड्रायव्हर मी, थर्मन गॅस्किन्स. एकतीस वर्षं शहराची बस चालवली, आता रिटायर आहे. व्हॅन माझी, वेळ माझा आणि बडबडही माझीच, असं मिस ओडेसा म्हणतात.

गल्लीच्या टोकाला पूर्वी तीन घरं होती. आग लागली, पालिकेने ती पाडली, कुंपण घातलं आणि विसरून गेली. कुंपण कुणीतरी विकून खाल्लं. तेव्हापासून तो प्लॉट म्हणजे साऱ्या शहराचा उकिरडा झालाय. टायर, गाद्या, फ्रीज, तोडलेल्या भिंतींचा राडारोडा. मागे पेपरचा एक बातमीदार आला होता. त्याने ढिगाचा फोटो काढला, आणि त्यात मागे स्वतःच्या पायरीवर बसलेला आमचा पर्विस आला. खाली छापलं होतं की इथल्या लोकांना कशाचं काही वाटत नाही. पर्विसने त्या सकाळी आपल्या पायऱ्या साबणाने घासल्या होत्या, ते कुठे छापलं नव्हतं. मी संपादकाला खरमरीत पत्र लिहिलं. आमची माणसं कोंबडीची हाडं फुटपाथवर टाकतात, कबूल. पण राडारोडा? आमच्याकडे पाडायला जास्तीची घरं आहेत कुठे? हे वाक्य मला फार आवडलं होतं. न्हाव्याच्या दुकानात मी ते निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल.

"पालिकेचं काम आहे हे," मी मिस ओडेसांनाही म्हणायचो.

"आहेच की. दर सोमवारी मी त्यांना फोन करते. फोन करणाऱ्या हातात झाडूही धरता येतो, थर्मन."

पहिल्यांदा त्यांना शहराबाहेर घेऊन गेलो तो दिवस मी विसरणार नाही. हिरवळीच्या वसाहतीतलं घर. दार उघडणारा माणूस गोरा, टापटीप, पायात मऊ सपाता. मिस ओडेसांनी पिशवी त्याच्या पायरीवर ठेवली. मी व्हॅनची काच खाली करून ऐकत होतो.

"सकाळी सकाळी त्रास देते," त्या म्हणाल्या. "हे तुमचं का?"

त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छे हो. माझं कसं असेल?"

"माफ करा हं मग."

आणि त्या वाकल्या, पिशवी उचलली आणि परत निघाल्या. बस, एवढंच. त्याचं नाव असलेलं पाकीट त्यांच्या ॲप्रनच्या खिशात होतं, ते त्यांनी बाहेरसुद्धा काढलं नाही. मी कपाळावर हात मारला. त्या एक पायरी उतरल्या, पिशवी टेकवली, दुसरी पायरी उतरल्या, पिशवी टेकवली. आणि तो माणूस सपाता टाकून धावत बाहेर आला.

"अहो थांबा. ठेवा तिथेच. मी... मी एका माणसाला पैसे दिले होते हो, न्यायला."

"दिले असतील," मिस ओडेसा म्हणाल्या. "दिवस चांगला जावो तुमचा."

व्हॅनमध्ये मी उखडलो. "पाकीट त्याच्या तोंडावर मारायचं होतं."

"कशाला? स्वतःचं नाव त्याला पाठ असेल."

"आणि पैसे दिले होते म्हणे! पैसे दिले की हात झटकले. कचरा कुठे का जाईना, कुणाच्या का उरावर बसेना."

"समोर बघ. सिग्नल लाल आहे."

असे तीसेक दरवाजे आम्ही केले. बहुतेक सगळे आधी नाही म्हणायचे आणि ती म्हातारी पाठ पायऱ्या उतरताना बघून विरघळायचे. पण काही जण शेवटपर्यंत दार लावून घ्यायचे. मग ती पिशवी आमच्याबरोबर परत यायची, आम्ही पालिकेच्या कचरा डेपोवर रांगेत उभे राहायचो आणि मिस ओडेसा ती स्वतःच्या हाताने आत टाकायच्या. बोलायच्या नाहीत. मी मात्र बोलायचो: बघा, सगळे बाहेरचे. आपल्या गल्लीतलं एक नाव निघालं का कधी? त्यावर त्या खिडकीबाहेर बघायच्या.

एप्रिलमध्ये मी माझी बाथरूम फोडली. गुडघ्यांमुळे टबात चढता येईना. माझी बायको लोरेन दोन वर्षांपूर्वी गेली. त्या भिंतींवरच्या गुलाबी टाइल्स तिच्या पसंतीच्या. घशाच्या औषधाचा रंग आहे म्हणून मी तिला अठ्ठावीस वर्षं चिडवलं. फोडताना मात्र एकेक टाइल माझ्या छातीवर बसत होती, आणि तो ढीग डोळ्यांसमोरून लवकर जावा एवढंच मला वाटत होतं. सोबत औषधांच्या कपाटातला कागदांचा पसाराही भरून टाकला.

खांबांवर आपला फोन नंबर लिहून ठेवणारा, राडारोडा उचलून नेणारा एक स्कीट नावाचा माणूस आहे. लाल पिकअप ट्रक घेऊन येतो. भाड्याच्या ट्रकला डेपोत परवान्याशिवाय सोडत नाहीत आणि स्कीटकडे परवाना नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही होतं. स्कीटने पिशव्या चढवल्या आणि मी पटकन पैसे दिले. कुठे टाकणार, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी माणूस विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक असतं.

शुक्रवारी दुपारी दुकानातून परत येताना प्लॉटकडे नजर गेली आणि मला गुलाबी दिसलं.

सात काळ्या पिशव्या, एक फाटलेली, आणि त्यातून लोरेनच्या टाइल्स मातीत सांडलेल्या. तिने रोज सकाळी पुसलेल्या. त्या पिशव्यांमध्ये कुठेतरी माझ्या नावाचं पाकीट होतं, आणि दुसऱ्या दिवशी शनिवार होता. माझी पाचावर धारण बसली. न्हाव्याचं दुकान आठवलं, ते पत्र आठवलं. पण खरं सांगायचं तर त्या सगळ्यांचं मला काही नव्हतं. मिस ओडेसांच्या नजरेतून मी उतरलो, तर त्या गल्लीत माझं म्हणावं असं काय उरणार होतं?

सकाळी पावणेसहाला ढकलगाडी घेऊन प्लॉटवर गेलो. त्या आधीच तिथे होत्या. उपड्या बादलीवर बसून पिशवीची गाठ परत बांधत होत्या.

"लवकर उठलास," त्या म्हणाल्या.

"गुडघे झोपू देत नाहीत." माझी नजर त्यांच्या ॲप्रनच्या खिशाकडे गेली. कागदाचं टोक बाहेर दिसत होतं. "व्हॅन काढू का?"

"आज व्हॅन नको. जवळच जायचंय."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी ढकलगाडी तिथेच सोडून घरी आलो आणि पडद्याच्या फटीतून बघत बसलो. मधे बारा घरं. त्या पिशवी उचलायच्या, दोन पावलं टाकायच्या, टेकवायच्या. समोरच्या पायरीवरून पर्विस मदतीला उठला, तर त्यांनी हाताने त्याला खाली बसवलं. बारा घरं पार करायला त्यांना पाव तास लागला, आणि त्या पाव तासात मी खुर्चीतून उठलो नाही.

दार वाजलं. मी उघडलं.

"सकाळी सकाळी त्रास देते, थर्मन. हे तुझं का?"

तीस दरवाजांवर मी हा प्रश्न ऐकला होता, पण दर वेळी व्हॅनमधून, दर वेळी त्यांच्या पाठीमागून. विचारताना त्यांचा चेहरा कसा होतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खालचा ओठ हलत होता. एका हाताने त्यांनी माझ्या पायऱ्यांचा कठडा घट्ट धरला होता. त्या बाईला भीती वाटत होती.

"नाही," मी म्हणालो.

कसं निघालं तोंडातून, मला माहीत नाही. पुढचं वाक्यही जिभेवर आलं होतं: मी एका माणसाला पैसे दिले होते. ते मी गिळलं.

"माफ कर हं मग," मिस ओडेसा म्हणाल्या. वाकल्या, पिशवी उचलली आणि वळल्या. एक पायरी उतरल्या. दुसरी उतरल्या. तिसऱ्या पायरीवर खुबा अडला आणि त्या पिशवी मांडीवर घेऊन तिथेच बसल्या.

मी धावलो. "लागलं का?"

"नाही."

मी शेजारी बसलो. आतल्या टाइल्स पिशवीतून त्यांच्या मांड्यांना टोचत असणार, पण त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"पाकीट आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आहे."

"मग दाखवत का नाही मला?"

"कुणाला दाखवलंय आजवर? तुलाच कशाला दाखवू?" त्या रस्त्याकडे बघत होत्या. "गल्लीतल्या माणसाला मी आज पहिल्यांदा विचारलं, थर्मन. चाळीस वर्षांत पहिल्यांदा."

"म्हणजे? आपल्या गल्लीतलं नाव कधी निघालंच नाही."

"निघायचं की. निम्मी तुमचीच असायची." त्या हसल्यासारख्या झाल्या. "ती मी तुला दाखवायचे नाही. सोमवारी, तू डॉक्टरकडे गेलास की, भाचा यायचा आणि मी त्याच्याबरोबर डेपोवर टाकून यायचे."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "आम्हाला का नाही विचारलंत?"

"तिकडचा माणूस नाही म्हणाला तर मी घरी येते. इथला नाही म्हणाला तर मी कुठे जाऊ?"

त्या हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तशा. आणि मी, भल्या मोठ्या शहरात एकतीस वर्षं गर्दी हाकलेला माणूस, त्यांच्या शेजारी बसून लहान लहान होत गेलो. आमच्यातल्या कुणी आपल्याला नाही म्हणेल या भीतीने ही बाई चाळीस वर्षं आमचा कचरा मुकाट वाहत होती. आम्हाला वाटायचं त्या गल्ली स्वच्छ ठेवतात. त्या आम्हाला राखत होत्या, आमची नावं खिशात घालून. चर्चमध्ये गुडघे टेकून मला जे कधी वाटलं नाही ते त्या तिसऱ्या पायरीवर वाटलं.

"मग आज का विचारलंत?"

"आता उचलवत नाही रे."

मी उभा राहिलो. पर्विस समोर कॉफीचा कप तोंडाशी धरून आमच्याकडेच बघत होता; त्याच्या वरच्या खिडकीत, शेजारच्या दारात, माणसं उठली होती.

"माझं आहे," मी म्हणालो. आवाज नको तितका मोठा निघाला. "ही आणि प्लॉटवरच्या बाकीच्या सहा. लोरेनच्या बाथरूमच्या आहेत. मी स्कीटला दिल्या आणि कुठे नेतोस ते विचारलं नाही. सगळं माझं आहे."

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल, आणि हसलं तर ते बरोबरच होतं.

पर्विसने कप पायरीवर ठेवला. "ते चार टायर," तो म्हणाला, आणि थांबला. "प्लॉटच्या कोपऱ्यातले. ते माझे."

"गादी आमची आहे," शेजारच्या दारातून मिसेस टॉलिव्हर म्हणाल्या. "पावसाने सडली होती. मी म्हटलं, पडलेलंच आहे तिथे एवढं."

मग आणखी एक आवाज वरच्या खिडकीतून, मग पलीकडच्या घरातून. फ्रीज. कार्पेट. रंगाचे डबे. कुणी मोठ्याने म्हणत होतं, कुणी जमिनीकडे बघून. मिस ओडेसा मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांचे दोन्ही हात पिशवीवर होते. एकेक नाव ऐकताना त्या हलकेच मान हलवायच्या, आणि मला कळलं की त्यांना यातलं एकही नवं नव्हतं.

"मग?" शेवटी त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "घेतोस का? पाय बधिर झाले माझे."

मी एका हाताने पिशवीची गाठ धरली आणि ओढली. ती हललीसुद्धा नाही. मग गुडघा पायरीवर टेकला, दोन्ही हात खाली घातले, छातीशी धरली आणि कसाबसा उभा राहिलो.